नऊ झाडांची वाटणी

कात्रीमामांना खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. बाकी शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांसाठी ते कात्रीमामाच. छाटणीची कात्री सदैव खिशात. कुंपणाची फांदी कापायची, क्लार्कच्या बाहीचा लोंबता दोरा कापायचा, आणि एकदा तर पाहुण्यांच्या चकचकीत कात्रीने फीत कापली जाईना, तेव्हा मामांनीच पुढे होऊन कचकन कापून टाकली होती. पाहुण्यांचा दुसरा प्रयत्न व्हायच्या आत. त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळी.

नगरपालिकेच्या ऑफिसमागे जी बाग आहे आणि बागेच्या कडेला जी रोपवाटिका, ती सगळी मामांची. म्हणजे मालकी नगरपालिकेची, पण बत्तीस वर्षं एकाच जागी उकिडवं बसलेल्या माणसाला मालकी कोण शिकवणार? वाळलेली कुंडी मामांकडे आणून द्यावी आणि महिन्याने फुललेली घेऊन जावी, अशी त्यांची ख्याती. माणसांशी मात्र जेवढ्यास तेवढं. आणि एका माणसाशी तेवढंही नाही.

तो माणूस म्हणजे नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, मामांचा सख्खा साडू. मामींची धाकटी बहीण त्याच्या घरात. दोन्ही घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, नोकरी एकाच ऑफिसात, जेवणाचा डबाही बहिणी-बहिणींनी एकमेकींना विचारून केलेला, म्हणजे बहुतेक वेळा भाजीसुद्धा एकच. आणि हे दोन बाप्ये एकमेकांना पाण्यात पाहायचे. वर्षातून एकदा हात मिळवायचे, तेही फोटोसाठी.

आता हे फोटोचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ऑफिसात पूर्वी दोन दिवस साजरे व्हायचे. एक शांतता दिन, एक वृक्ष दिन, मध्ये तीन आठवड्यांचं अंतर. एका जुन्या साहेबांना वाटलं, दोनदा मंडप कशाला, दोनदा चहा कशाला? त्यांनी दोन्ही दिवस एकाच तारखेला आणून बसवले. भाषणंही दोन होती, तीही एकमेकांत मिसळली. तेव्हापासून दरवर्षी तेच भाषण. शांततेला पालवी फुटते, झाडांना सलोख्याची सावली असते, असं काहीबाही. ऐकणाऱ्यांना पाठ, आणि वाचणाऱ्याला तरीही कागद लागायचा.

त्याच साहेबांनी आणखी एक टूम काढली. वर्षभरात ज्यांचं कुणाचं भांडण झालं असेल त्यांनी मंचावर यायचं, सगळ्यांसमोर हात मिळवायचा, आणि मग दोघांनी मिळून ऑफिसच्या फाटकापाशी एक रोप लावायचं. कल्पना वाईट नव्हती हो. पहिल्या वर्षी पाच जोड्या वर गेल्या. पण मंचावर उभं राहायची लाज अशी, की दुसऱ्या वर्षापासून लोक भांडणं लपवायला लागले. टेबलाखाली एकमेकांच्या पायावर पाय देतील, पण वरून दात दाखवतील. शेवटी दरवर्षी हमखास मिळणारी एकच जोडी उरली. हेडक्लार्क तर आमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात दोघांची नावं आधीच घालून ठेवायचा. एकाने रोप धरायचं, दुसऱ्याने माती लोटायची, फोटो, टाळ्या, चहा. संपलं. दुसऱ्या दिवसापासून हे महाशय तोंड इकडे आणि ते महाशय तोंड तिकडे.

असे नऊ फोटो ऑफिसच्या भिंतीवर होते. नऊ फोटोंत दोघांचे केस पिकत गेलेले दिसतात. खड्डा मात्र तोच. कारण उन्हाळा आला की रोप मरायचं.

भांडणाचं कारण विचाराल तर हसाल. मामांनी रोपवाटिकेच्या मागच्या वाफ्यात गुलाबाच्या एकशेचाळीस फांद्या लावल्या होत्या. हाताच्या वितीएवढ्या, बिनपानाच्या. महिनाभर त्यांना ऊन लागू दिलं नाही, वारा लागू दिला नाही. नुकते कुठे कोंबांचे डोळे फुगायला लागले होते. त्या दिवशी साडू टँकर मागे घेत घेत आला, मोकळी जागा दिसली म्हणून आणखी थोडा मागे घेतला, आणि एकशेचाळीसच्या एकशेचाळीस फांद्या चाकाखाली. मामा धावत आले. साडू खाली उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "काड्याच तर होत्या, दादा."

बस. एवढं एक वाक्य गिळलं असतं तर जगबुडी टळली असती. पण गिळेल तो साडू कसला, आणि सोडतील ते मामा कसले? शब्दाने शब्द वाढला. पन्नास माणसं गोळा झाली. मामा म्हणाले, "आजपासून तुझ्या हातचं पाणी माझ्या झाडाला नको. मेलं तरी मागणार नाही." साडूही पेटलेला. तो म्हणाला, "आणि तुम्ही तोंडाने मागितल्याशिवाय मी थेंब देणार नाही. बघू कोण वाकतं ते."

दोघंही शब्दाचे पक्के. अशा पक्क्या माणसांनीच जगाचं वाटोळं केलंय, असं माझं मत आहे, पण ते राहू द्या.

गोष्ट अशी होती, की बागेला विहीर होती. पावसाळ्यानंतरचे चार-सहा महिने मामा विहिरीचं पाणी पुढच्या फाटकापर्यंत डब्याने नेऊन घालायचे. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची. जे पाणी निघे ते रोपवाटिकेलाच पुरायचं नाही. फाटकापाशी नळ नाही, पाइप पोचत नाही. तिथल्या झाडाला जगवायचं तर टँकरशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि टँकर यायचाही. रोज सव्वासातला. पहिली खेप दवाखान्याकडे नेताना साडू फाटकापाशी टँकर थांबवायचा, इंजिन चालू ठेवायचा आणि समोरच्या काचेतून नाकासमोर बघत बसायचा. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत मामा टँकरकडे पाठ करून कुंपण छाटत असायचे. इतकं छाटायचे, की त्या बाजूचं कुंपण गुडघ्याएवढंच राहिलं होतं. मग साडू गियर टाकायचा आणि निघून जायचा. चहाच्या टपरीवरचे लोक त्यावरून घड्याळ लावायचे.

नऊ उन्हाळे हे चाललं. मध्ये ते रोप माना टाकत असायचं.

मामा कुणी विचारलं तर म्हणायचे, "पुढचं पाणी हे टँकरचं काम. माझं काम लावायचं." हे म्हणताना ते खालच्या मातीकडे बघायचे. कारण ज्या माणसाला वाळलेली कुंडी फुलवता येते, त्याला आपल्या डोळ्यांदेखत काय मरतंय हे कळत नाही असं थोडंच असतं? रात्री जेवताना मामी म्हणायच्या, "आज ताटात बघून जेवताय, म्हणजे रोप गेलं वाटतं." मामा दुसऱ्या दिवशी वाळलेलं रोप उपटून, खड्डा सारवल्यासारखा साफ करून ठेवायचे. पुढच्या वर्षासाठी.

नववं रोप गेलं त्या वर्षी ऑफिसात मोठ्या बाई आल्या. साहेबांच्या खुर्चीवर पहिल्यांदाच बाई. वाईट नव्हत्या, पण कामाला वाघ. आल्या आल्या भिंतीवरचे फोटो पाहिले, खड्डा पाहिला आणि हेडक्लार्कला विचारलं, "नऊ वर्षं एकाच खड्ड्यात नऊ झाडं मेली. हा काय दफनविधी आहे का?" हेडक्लार्कने मामांकडे बोट दाखवलं. बाईंनी मामांना बोलावलं.

"कात्रीमामा, तुमचं काम सगळे नावाजतात. मग फाटकापाशीच काय होतं?"

मामांनी मूग गिळले. साडूचं नाव घ्यायचं म्हणजे त्याच्यामुळे अडलं हे कबूल करायचं.

बाई म्हणाल्या, "बरं. यंदा दहावं लावू. पुढच्या कार्यक्रमाला ते जिवंत नसेल, तर तो खड्डा मी बुजवून टाकणार. तिथे सिमेंटचं झाड बसवू. हिरवा रंग, पत्र्याची पानं, संध्याकाळी दिवे लागतील. निदान मरणार तरी नाही."

बाई गंमत करत नव्हत्या. आठ दिवसांत सिमेंटचा कारागीर टेप घेऊन मापं घ्यायला हजर. भला माणूस, त्याला काय ठाऊक? तो मामांनाच विचारायला लागला, "मामा, तुम्ही झाडांतले जाणकार. खोड केवढं जाड धरू? आणि पानं किती ठेवली म्हणजे खरी वाटतील?"

मामा कात्री खिशात टाकून तिथून निघाले. पुढच्या कार्यक्रमाचा दिवस हाच त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. बत्तीस वर्षं माती उकरलेल्या माणसाचा निरोपसमारंभ पत्र्याच्या पानांखाली व्हायचा, आणि येणारा-जाणारा म्हणणार, इथला माळी एवढा नामी होता की शेवटी सिमेंट लावावं लागलं. पण खरं दुखणं ते नव्हतं. सिमेंटचं झाड बसलं, की त्या खड्ड्यात पुन्हा कधीच काही उगवणार नव्हतं, आणि ती करणी आपली असणार होती. घरी येऊन मामांनी मामींना हे सगळं सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्या खड्ड्याचा विषय आपणहून काढला.

"मग मागा की पाणी," मामी म्हणाल्या.

"ते सोडून बोल."

"मग सिमेंटवाल्याला पानांचा आकडा सांगा."

दहावं रोप मामांनी निवडून काढलं. शिरीषाचं, कमरेएवढं, खोड बोटभर जाड, मुळं अशी की पिशवी फाडून बाहेर आलेली. कार्यक्रम नेहमीसारखा पार पडला. हात मिळवताना मामांना साडूचा हात नेहमीपेक्षा खरखरीत लागला, बहुधा वयाने. फोटो निघाला. चहा झाला. मामांनी मनाशी ठरवलं, यंदा झाड मरू द्यायचं नाही आणि मागायचंही नाही. बघू, त्याच्या टँकरवाचून अडतं का.

हिवाळा सुखात गेला. उन्हाळा लागला, विहीर तळाला गेली, आणि मामांनी घरचं पाणी न्यायला सुरुवात केली. सायकलच्या हँडलला दोन डबे, कॅरिअरवर एक. घरचं पाणी म्हणजे तरी किती? नळ पाऊण तास यायचा. मामा स्वतःच्या अंघोळीचं पाणी डब्यात भरायला लागले. मग मामींच्याही अंघोळीतून एक तांब्या, दोन तांबे असं करत अर्धी बादली गेली.

"अहो," मामी एक दिवस कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "झाड जगेल आणि आपण दोघं बिनअंघोळीचे मरू. शेजारीण काल खिडकी लावून घेत होती."

"पावसापर्यंत कळ काढ."

"टँकरमध्ये पाच हजार लिटर आहे, आणि तुम्ही माझ्या तांब्यावर डोळा ठेवता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो हा असा."

पण पीळ जळायची वेळ आलीच. एका सकाळी चढावर सायकलचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं, डबे एकीकडे, सायकल एकीकडे आणि मामा तिसरीकडे. घोटा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस पाय खाली ठेवायचा नाही.

मामा खाटेवर. बाहेर ऊन असं की दाराची कडी हाताला चटके देतेय. पहिले दोन दिवस मामांनी छताकडे बघत काढले. तिसऱ्या दिवशी मामींना म्हणाले, "धाकटी येते ना रोज? तिच्या कानावर घाल. म्हणजे ती त्याला सहज बोलता बोलता…"

मामी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आम्ही बहिणी आहोत, पोस्टमन नाही."

धाकटी तिथेच बसली होती, शेंगा सोलायला. ती हसली आणि म्हणाली, "भाऊजी, आमच्याकडेही हेच चाललंय. परवा मला म्हणतात, तुझ्या ताईला सांग, दादांना म्हणावं नुसतं एकदा पाणी म्हणा. मी म्हटलं, मी नाही सांगणार. नऊ वर्षं आम्ही दोघींनी तुमच्यामध्ये तोंड घातलं नाही म्हणून दोन्ही घरं धड आहेत."

"त्याने असं म्हटलं?" मामा उठून बसले.

"म्हटलं. आणि मग कूस बदलून झोपले."

त्या रात्री मामांचा पाय ठणकला, पण झोप उडाली ती पायामुळे नाही. त्यांना एकेक रोप आठवत गेलं. दुसऱ्या वर्षीचं करंजाचं, त्याला तर कळ्या धरल्या होत्या. पाचव्या वर्षीचं, जे मेच्या शेवटापर्यंत एका पानावर तग धरून राहिलं, की आज मागेल, उद्या मागेल. ते काही साडूच्या चाकाखाली गेलं नव्हतं. मामांच्या पाठीमागे गेलं होतं, मामा कुंपण छाटत असताना. एकशेचाळीस काड्यांसाठी आपण त्याला नऊ वर्षं गुन्हेगार ठरवलं, आणि आपण काय केलं? मामांना भयंकर शरम वाटली. एवढी की त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

सहाव्या दिवशी सकाळी मामी पाण्याच्या रांगेत गेल्या असताना मामांनी काठी घेतली आणि निघाले. पंधरा मिनिटांची वाट त्यांना पाऊण तास लागली. फाटकापाशी पोचले तेव्हा आठ वाजायला आले होते. टँकर जाऊन अर्धा तास झाला असणार, असं म्हणतच ते वळले.

टँकर उभा होता. इंजिन चालू, साडू काचेतून नाकासमोर बघत बसलेला. टपरीवाला ओरडून म्हणाला, "मामा, पाच दिवस झाले, हे रोज असेच थांबतायत. दवाखान्यातून निरोप आला तरी हलत नाहीत. आमची घड्याळं बिघडली."

मामांनी आधी झाडाकडे बघितलं. एकही पान नव्हतं. माती तडकलेली, तिच्यात बोट जाईल एवढ्या भेगा. साडूने खरंच थेंब दिला नव्हता. सगळा टँकर दोन हातांवर उभा, आणि दिला नव्हता. मामांना एरवी याचा संताप आला असता. आज आला नाही, कारण आपण त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते लंगडत टँकरच्या दारापाशी गेले आणि म्हणाले, "पाणी टाक."

साडूने मान वळवली. "काय म्हणालात?"

"ऐकलंस तू."

"इंजिन चालू आहे. नाही ऐकू आलं."

"मग बंद कर ते."

साडूने चावी फिरवली. एकदम सगळं शांत झालं. टपरीवरच्या लोकांनी कप तोंडाशी धरून ठेवले, प्यायचं कुणी नाव घेईना.

"पाणी हवंय," मामा म्हणाले. "झाडाला. तुझ्या हातचं. अडला हरी म्हणतात ना, तसा आलोय."

"म्हणजे मी गाढव."

"पुढचं मी बोललो का काही?"

साडूने दार उघडलं, खाली उतरला आणि पाइप काढायला मागे गेला. पण घाईत ओढल्याने पाइपाची कडी अडकून बसली. मामांनी काठी टँकरला टेकवली आणि दोघांनी मिळून ती कडी सोडवली. पाणी आलं ते धो धो. खड्ड्यातली माती उडून मामांच्या धोतरावर.

"अरे हळू, हळू. मुळं उघडी पाडशील. झाडाला पाणी घालतोयस की आग विझवतोयस?"

"माझ्या पाइपाला दोनच प्रकार ठाऊक आहेत, दादा. चालू आणि बंद."

"बादलीत घे. बादलीतून घाल, कडेकडेने. नऊ वर्षं टँकर चालवतोस, अजून पाणी घालता येत नाही."

"नऊ वर्षं शिकवलंत कधी?"

मामांनी बादली पुढे सरकवली. साडूने बादली भरली, गुडघे टेकले आणि कडेकडेने पाणी सोडत राहिला. तहानलेली माती सूं सूं आवाज करत होती. मामांनी वाकून खोडावर नखाने हलकेच ओरखडा काढला. आत बारीकशी हिरवी रेघ दिसली.

"आहे," मामा म्हणाले. "जीव आहे."

साडू मग खाली मान घालून म्हणाला, "आधीच्या नऊंतही असेल."

"असेल नाही, होता. मी रोज बघत होतो. ती नऊही माझ्या नावावर. मी मागितलं असतं तर उभी असती."

"असं कसं तुमच्या नावावर?" साडूने वर बघितलं. "मी रोज पाणी घेऊन उभा होतो. उतरायला मला काय झालं होतं? पाच माझी."

"नऊ माझी. माळी मी आहे."

"पाणी माझं होतं. वाटणी करायची तर नीट करा. पाच माझी, चार तुमची."

"मी थोरला आहे. थोरल्याला जास्त."

"हे बरं आहे. चांगलं काही असेल तेव्हा धाकट्याला आधी, आणि मेलेली झाडं थोरल्याला?"

"साडेचार-साडेचार घ्या की," टपरीवाला मध्येच म्हणाला.

"तू तुझा चहा बघ," दोघं एकदम म्हणाले. आणि मग मामांना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. साडू बादली तिथेच टाकून उठला आणि त्यांच्या खांद्याला धरून उभा राहिला. म्हणायला पाय दुखणाऱ्या माणसाला आधार, पण कोण कुणाला धरून होतं हे टपरीवाल्यालाही सांगता आलं नाही. मग दवाखान्यातून दुसऱ्यांदा माणूस बोलवायला आला, तेव्हा साडूने मामांना टँकरमध्ये बसवून आधी घरी सोडलं. मामींनी दारात बघितलं आणि आत जाऊन दोन कप चहा टाकला.

त्या दिवसापासून सव्वासातला दोन बादल्या, कडेकडेने. अठराव्या दिवशी खोडाला तीन कोंब फुटले. सिमेंटचा कारागीर एकदा येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मामा, माझ्या साच्याचं काय करू?" मोठ्या बाईंनी त्याला मुलांच्या बागेतला हत्ती करायला सांगितलं.

पण वाटणीचा वाद मिटेना. रोज बादली भरताना तोच. शेवटी मामांनी एक दिवस रोपवाटिकेतून नऊ रोपं वेगळी काढली आणि साडूला म्हणाले, "कुणाची किती हे राहू दे. आधी परत तर करू." दवाखान्याच्या रस्त्याला, जिथून टँकर जातोच जातो, त्या कडेला दोघांनी नऊ खड्डे खणले. मामा बसून आखायचे, साडू पहार मारायचा.

कार्यक्रमाचा दिवस आला. मंडप, खुर्च्या, तेच भाषण. हेडक्लार्कची मात्र पंचाईत झाली. फाटकापाशी लावायला जागा नाही, तिथे डोक्याएवढं शिरीष उभं. आणि हात मिळवायला जोडी नाही. त्याने माइकवरून दोनदा विचारलं, कुणाचं भांडण आहे का, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मोठ्या बाईंनी मामांना दोन शब्द बोला म्हटलं. मामा जन्मात मंचावर बोलले नव्हते. ते म्हणाले, "दिवस चांगला आहे. हात मिळतो, रोप लागतं. पण आम्ही नऊ वेळा फक्त तेवढंच केलं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही. म्हणून नऊ झाडं गेली. आज नऊ लावायची आहेत. ज्याला लावायचंय त्याने उद्या सव्वासातला बादली घेऊन यावं. यायचं नसेल तर आज मातीला हात लावू नये." आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. मग दवाखान्यातली एक नर्स उठली आणि म्हणाली, "मी येईन." तिच्या मागून आणखी सहाजण. बाकीच्यांनी चहा घेतला. नऊ रोपं लागली, मामांना नारळाएवढा गुच्छ मिळाला आणि नोकरी संपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा सवयीने उठले, कपडे केले आणि चपला शोधू लागले. मामी म्हणाल्या, "आता कुठे? रिटायर झालात ना काल?"

"नोकरीतून झालो."

दाराबाहेर हॉर्न वाजला. टँकर गल्लीत कसाबसा शिरून उभा होता. साडूने पलीकडचं दार उघडून धरलं होतं. "चला दादा. दोन माणसं बादल्या घेऊन आलीत, पाच अजून यायचीत. आणि पाणी मागायला कुणीतरी हवं ना."

मामा काठीच्या आधाराने वर चढले. "मी आता मागणार नाही. तू न मागता द्यायचं."

"बरं. मग बसा आणि गप्प राहा, मला गाडी मागे घ्यायचीय."

"गप्प बसून नऊ वर्षं घालवली, आता नाही बसणार," मामा म्हणाले, आणि पहिल्या खड्ड्यापासून नवव्या खड्ड्यापर्यंत एकसारखे बोलत राहिले.